सॅक्सिटॉक्सिन: एक विष नव्हे, अख्खं कुटुंब

नागपूरहून समुद्र गाठायचा तर समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर कापावे लागतात. त्यामुळे शिंपल्यातल्या विषाचा विषय इथे काढला की समोरचा लगेच म्हणतो, "आपण रोहू, कतला अन् मरळ खाणारी माणसं, आपला काय संबंध?" संबंध दोन बाजूंनी आहे. विदर्भातली कितीतरी कुटुंबं उन्हाळ्याच्या सुट्टीत मालवण-तारकर्लीला जातात आणि तिसऱ्यांचं सुकं, कालवांचं कालवण हौसेनं खातात. दुसरी बाजू मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. हेच विष, अणूला अणू जुळणारं, गोड्या पाण्यातही तयार होतं. त्या तलावांकडे आपण येणारच आहोत. आधी या विषाची घडण बघू, कारण घडण कळली की ते कसं मारतं, शिजवून का जात नाही आणि ते मोजणं एवढं किचकट का, हे सगळं एका धाग्यात येतं.

सन १७९३. कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेतले खलाशी आजच्या कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर होड्या घेऊन फिरत होते. १५ जूनला सकाळी त्यांनी खडकावरचे शिंपले भाजून खाल्ले. थोड्याच वेळात काहींचे ओठ आणि बोटं बधिर व्हायला लागली, मग हातपाय. जॉन कार्टर नावाचा खलाशी त्याच दिवशी गेला. ज्या खाडीत त्याला पुरलं तिला आजही कार्टर बे म्हणतात. हे कशामुळे झालं ते कळायला पुढे दीडशे वर्षं जावी लागली. १९२७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास १०२ माणसं शिंपले खाऊन आजारी पडली, त्यातली सहा दगावली. तिथल्या हर्मन सॉमर यांनी या प्रकरणाचा पिच्छा सोडला नाही. दहा वर्षांनी, १९३७ साली, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की विष शिंपल्याचं नाहीच, ते शिंपल्याच्या खाण्यातून आलेलं आहे.

आपल्या देशातही हे घडलेलं आहे आणि ते विसरलं जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. १९८१ साली तामिळनाडूत शिंपले खाऊन तीन जण गेले आणि ८५ जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. १९८३ साली मंगळूरजवळच्या कुंबळे इथे एक मुलगा दगावला. १९९७ साली केरळातल्या विळिंजम इथे सात जण मृत्युमुखी पडले आणि पाचशेच्या आसपास लोक रुग्णालयात दाखल झाले. यातलं कुणी काही वावगं खाल्लं नव्हतं. रोजचं, ओळखीचं, ताजं अन्न होतं ते.

विष बनवतात ते पाण्यात तरंगणारे एकपेशीय जीव. त्यांना डायनोफ्लॅजेलेट म्हणतात. अलेक्झांड्रियम, जिम्नोडिनियम कॅटेनॅटम आणि पायरोडिनियम ही त्यातली मुख्य नावं. पाणी, ऊन आणि क्षार जुळून आले की त्यांची संख्या अफाट वाढते. कधी पाणी तांबूस दिसतं, पण बरेचदा रंग अजिबात बदलत नाही. म्हणून "पाणी लाल नाही, म्हणजे शिंपले चांगले" हा हिशोब धोक्याचा आहे. शिंपला एका नळीनं पाणी आत ओढतो, कल्ल्यांवर बारीक जीव गाळून घेतो आणि दुसऱ्या नळीनं पाणी बाहेर सोडतो. मोठा शिंपला तासाला लिटरभर किंवा त्याहूनही जास्त पाणी असं गाळतो. पाणी निघून जातं, विष मांसात साठत राहतं. बहुतेक शिंपले काही आठवड्यांत ते बाहेर टाकतात. अलास्कातला बटर क्लॅम नावाचा मोठा शिंपला मात्र ते आपल्या नळीत दोन-दोन वर्षं धरून ठेवतो. १९५७ साली शास्त्रज्ञांनी हे विष पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वेगळं केलं तेव्हा कॅलिफोर्नियातल्या शिंपल्यांबरोबर हाच बटर क्लॅम वापरला होता. त्याच्या शास्त्रीय नावावरून विषाला सॅक्सिटॉक्सिन म्हणायला लागले.

आता रेणूकडे. सॅक्सिटॉक्सिन फार मोठं नाही. दहा कार्बन, सतरा हायड्रोजन, सात नायट्रोजन, चार ऑक्सिजन, बस्स. सापाच्या विषातली प्रथिनं याच्यापुढे डोंगराएवढी असतात. एवढ्याशा जागेत तीन कडी एकमेकींना चिकटून बसलेली आहेत आणि सात नायट्रोजनांपैकी सहा मिळून दोन ग्वानिडिन गट तयार होतात. अकरावी-बारावीला रसायनशास्त्र घेतलेल्यांना आर्जिनिन हे अमिनो आम्ल आठवत असेल, त्याच्या टोकाला असतो तोच हा गट. हे साम्य योगायोगाचं नाही, कारण ते जीव हे विष आर्जिनिनपासूनच बनवतात. ग्वानिडिन गटावर धन विद्युतभार असतो. असे दोन गट, म्हणजे रेणूवर एकूण अधिक दोन. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावर उभं आहे. रेणूची रचना नेमकी कशी आहे ते १९७५ साली स्फटिकांवर क्ष-किरण टाकून कळलं आणि १९७७ साली योशितो किशी यांच्या चमूनं तो प्रयोगशाळेत पहिल्यांदा पूर्णपणे तयार केला.

मज्जातंतूतून संदेश जातो म्हणजे पेशीच्या पापुद्र्यातल्या बारीक वाटा क्षणभर उघडतात आणि बाहेरचे सोडियम आयन आत धावतात. एका ठिकाणी हे झालं की शेजारच्या वाटा उघडतात, आणि असं करत संदेश मेंदूपासून स्नायूपर्यंत पोचतो. सोडियम आयन धनभारित. म्हणून या वाटेच्या तोंडाशी ऋण भाराच्या अमिनो आम्लांचं कडं असतं, ते सोडियमला ओढून घेतं. सॅक्सिटॉक्सिनवरही धन भार आहे, तोही दुप्पट. तेही त्याच कड्याकडे ओढलं जातं, पण आत मावत नाही. नळाच्या तोंडात चिंचोका अडकावा तसं ते वाटेच्या बाहेरच्या तोंडाशी बसून राहतं आणि मागचा सोडियम मागेच थांबतो. वाट तुटत नाही, जळत नाही, नुसती बंद होते.

याच गोष्टीत माणूस मरण्याचं कारण आहे आणि वाचण्याचंही. खाल्ल्यापासून काही मिनिटांत किंवा तास-दोन तासांत आधी ओठ, जीभ, हिरड्यांना मुंग्या येतात. मग चेहरा, मान, बोटांची टोकं. काही रुग्णांना आपण हवेत तरंगतोय असं वाटतं. पुढे चाल लटपटते, बोलणं जड होतं, आणि जास्त मात्रा असेल तर श्वासाचे स्नायू थांबतात. शुद्ध मात्र बहुतेक शाबूत असते. रुग्णाला सगळं ऐकू येतं, कळतं. त्याच्या उशाशी उभं राहून बोलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवं. हृदयातल्या सोडियम वाटांच्या तोंडाशी एक अमिनो आम्ल वेगळं असल्यामुळे त्या या विषाला तितक्या लवकर दबत नाहीत. म्हणजे श्वास बंद पडतो तेव्हाही हृदय बराच काळ चालू असू शकतं. विष वाटेला कायमचं चिकटत नाही, रक्तातलं प्रमाण उतरलं की सुटून लघवीवाटे निघून जातं. यावर उतारा म्हणून कोणतंही औषध नाही, पण कृत्रिम श्वासावर ठेवून रुग्णाला पहिल्या १२ ते २४ तासांतून पार केलं तर तो सहसा बरा होतो. म्हणून किनाऱ्यावर शिंपले खाऊन ओठांना मुंग्या आल्या तर घरी लिंबूपाणी पीत बसू नये. व्हेंटिलेटर असलेलं रुग्णालय गाठायचं आणि "शिंपले खाल्लेत" हे पहिल्या वाक्यात सांगायचं.

मात्रा किती लागते? तोंडावाटे साधारण १ ते ४ मिलिग्रॅम पोटात गेलं तर माणूस दगावू शकतो. मिठाचे काही कण म्हणा ना. म्हणूनच अनेक देशांत किलोभर शिंपल्याच्या मांसात ०.८ मिलिग्रॅमपेक्षा जास्त विष आढळलं की विक्री थांबवतात.

घरचे भाऊबंद

आतापर्यंत मी "हे विष" असं एकवचनात बोलत आलो. प्रत्यक्षात निसर्गात सॅक्सिटॉक्सिन एकटं जवळजवळ कधीच सापडत नाही. त्याचे पन्नासांहून जास्त भाऊबंद माहीत झाले आहेत. तीन कड्यांचा सांगाडा सगळ्यांचा एकच, फरक फक्त त्याला काय लटकलंय यात. एका नायट्रोजनावर हायड्रॉक्सिल बसला की निओसॅक्सिटॉक्सिन. अकराव्या कार्बनवर सल्फेट आला की गोनिओटॉक्सिन, थोडक्यात जीटीएक्स. शेपटीसारखा जो कार्बामेट गट आहे त्याच्या टोकाला सल्फेट लागला की जीटीएक्स-५, आणि दोन्हीकडे सल्फेट आले की सी गटातली विषं. ती शेपटीच गळून पडली तर डीकार्बामॉयल.

आता तो अधिक दोनचा आकडा काढा. सल्फेटवर ऋण भार असतो. एक सल्फेट लागला की एकूण भार दोनवरून एकवर येतो, दुसरा लागला की शून्य. वाटेच्या तोंडाशी असलेल्या ऋण कड्याला ज्या ओढीनं सॅक्सिटॉक्सिन चिकटतं ती ओढ तशीतशी सैल होते. उंदरांवर मोजलेली ताकदही साधारण हेच सांगते. सॅक्सिटॉक्सिनला १ धरलं तर अकराव्या कार्बनवर सल्फेट असलेलं जीटीएक्स-३ साधारण ०.६, दोन सल्फेटवालं सी-२ साधारण ०.१, आणि सी-१ तर शंभराव्या भागाहूनही कमी. नुसत्या भारानं सगळं ठरत नाही, गट कुठल्या जागी आणि कुठल्या दिशेला बसलाय तेही मोजावं लागतं. जीटीएक्स-५ वर सल्फेट एकच, पण त्याची ताकद सी-२ च्या जवळपास, कारण तो शेपटीवर बसलाय. तरी वर्गात मुलांना भार आणि ताकद यांचा हा संबंध समजावताना मला याहून चांगलं उदाहरण आजवर सापडलेलं नाही.

खरी मेख पुढे आहे. शेपटीवरचा तो सल्फेट फार घट्ट बसलेला नसतो. आम्लात तापवला की गळतो. जीटीएक्स-५ चा सल्फेट गळाला की उरतं ते थेट सॅक्सिटॉक्सिन. सी-२ चा गळाला की उरतं जीटीएक्स-३. म्हणजे सौम्य भावातून जहाल भाऊ तयार होतो. ज्या शिंपल्यात सुरुवातीला विषाची ताकद कमी मोजली गेली त्यातच ती पुढे वाढलेली दिसू शकते, नवं विष बाहेरून न येता.

आणि सांगाडा? तो उकळून मोडत नाही. मुळात आम्लात सॅक्सिटॉक्सिन चांगलं टिकतं, मोडतं ते अल्कलीत. त्यामुळे चिंच, कोकम, लिंबू, व्हिनेगर यांचा काही उपयोग नाही. प्रेशर कुकरच्या चार शिट्ट्यांचाही नाही. पाण्यात शिजवलं तर थोडं विष मांसातून रश्श्यात उतरतं, म्हणजे जागा बदलतं, जात नाही. १९८७ साली ग्वाटेमालात शिंपल्यांच्या सूपनं १८७ जण आजारी पडले आणि २६ गेले. चांदीचा चमचा काळा पडतो का बघणं, लसूण टाकून रंग बघणं, असल्या परीक्षांना कसलाही आधार नाही. विषाला चव नाही, वास नाही.

मग शिंपला स्वतः कसा मरत नाही, हा प्रश्न कुणालाही पडेल. उत्तर-पूर्व अमेरिका आणि कॅनडाच्या किनाऱ्यावरच्या माया अ‍ॅरेनेरिया या शिंपल्यावर २००५ साली प्रसिद्ध झालेलं काम मला फार देखणं वाटतं. ज्या खाड्यांत विषारी जीवांचा बहर नेहमी येतो तिथले शिंपले विष पचवतात, आणि जिथे तो येत नाही तिथले त्याच जातीचे शिंपले लुळे पडतात. फरक शोधत गेल्यावर तो सापडला सोडियम वाटेच्या तोंडाशी, त्याच ऋण कड्यात. एका जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी अ‍ॅस्पार्टिक आम्ल आलेलं होतं. दोघांवरही ऋण भारच, फक्त दुसऱ्याचा हात एका कार्बननं आखूड. तेवढ्यानं सॅक्सिटॉक्सिनची पकड जवळजवळ हजार पटींनी ढिली झाली, आणि सोडियमची ये-जा मात्र चालू राहिली. शिंपल्यासाठी हे वरदान. आपल्यासाठी धोका, कारण न मरणारा शिंपला विष आणखी साठवत जातो.

इथे टेट्रोडोटॉक्सिनचाही उल्लेख करायला हवा, कारण दोघांची नेहमी गल्लत होते. जपानी लोक फुगू म्हणून खातात त्या फुगणाऱ्या माशातलं विष ते. त्यातही ग्वानिडिन आहे आणि तेही त्याच वाटेच्या त्याच तोंडाशी बसतं, लक्षणंही तशीच. पण सांगाडा पूर्ण वेगळा. नातं कामाचं आहे, रक्ताचं नाही.

मोजायचं कसं, आणि कोणी

सॉमर यांच्या काळापासून पद्धत अशी: शिंपल्याचं मांस सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात उकळायचं, गाळायचं आणि ते पाणी २० ग्रॅम वजनाच्या उंदराच्या पोटात टोचायचं. उंदीर किती मिनिटांत मरतो त्यावरून विषाचं प्रमाण काढायचं. पंधरा मिनिटांत मारेल एवढी मात्रा म्हणजे एक उंदीर-एकक. क्रूर आहे, आणि अनेक देश आता यातून बाहेर पडलेत हे चांगलंच झालं. पण उंदराचा एक गुण होता. तो सगळ्या भाऊबंदांची बेरीज एकदम करायचा. यंत्राला प्रत्येक भाऊ वेगळा ओळखावा लागतो, प्रत्येकाचं प्रमाण काढून त्याला त्याच्या ताकदीच्या आकड्यानं गुणावं लागतं आणि मग बेरीज करावी लागते. त्यासाठी प्रत्येक भावाचा शुद्ध नमुना हाताशी हवा.

आणि तिथे कायदा आडवा येतो, कारण या रेणूचा इतिहास स्वच्छ नाही. १९६० साली सोव्हिएत हद्दीत पाडलेल्या अमेरिकी हेरविमानाचा वैमानिक गॅरी पॉवर्स याच्याकडे चांदीच्या डॉलरमध्ये लपवलेली सॅक्सिटॉक्सिनची सुई होती. १९९७ साली अमलात आलेल्या रासायनिक शस्त्रबंदी करारात, ज्यात भारतही आहे, पहिल्या अनुसूचीत नावानं घातलेली नैसर्गिक विषं दोनच: एरंडाच्या बीमधलं रायसिन आणि सॅक्सिटॉक्सिन. त्यामुळे अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळांना थेंबभर नमुना मागवणंही अवघड होऊन बसलं. शेवटी वैद्यकीय आणि निदानाच्या कामासाठी पाच मिलिग्रॅमपर्यंतच्या देवाणघेवाणीला महिनाभर आधी कळवण्याच्या अटीतून सूट द्यावी लागली. ही सूट आली हे फार बरं झालं. लोकांचं ताट तपासण्यासाठी लागणारी वस्तू शस्त्रांच्या कपाटात कुलूपबंद राहून कसं चालेल?

याच कुटुंबातलं निओसॅक्सिटॉक्सिन चिली आणि बॉस्टन इथल्या डॉक्टरांनी अगदी सूक्ष्म मात्रेत बधिरीकरणासाठी माणसांवर तपासून पाहिलं आहे. नेहमीची भूल काही तासांत उतरते, याचा असर त्याहून बराच जास्त टिकतो. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी अफूजन्य औषधं कमी लागावीत हा त्यामागचा हेतू.

आता आपले तलाव. १९९१ च्या शेवटी ऑस्ट्रेलियातल्या डार्लिंग नदीचं सुमारे हजार किलोमीटर पाणी हिरवंगार झालं. गुरं-मेंढ्या मेल्या, आणीबाणी जाहीर झाली. कारण होतं नील-हरित शेवाळ, म्हणजे सायनोबॅक्टेरिया, आणि त्यात पुढे सापडली ती हीच विषं, मुख्यतः सी-१, सी-२ आणि जीटीएक्स-२, जीटीएक्स-३. समुद्राचा लवलेश नसलेल्या नदीत. २००८ साली सॅक्सिटॉक्सिन बनवणाऱ्या जनुकांचा पूर्ण गठ्ठा पहिल्यांदा उलगडला तोही अशाच गोड्या पाण्यातल्या जिवाणूत, आणि समुद्रातल्या डायनोफ्लॅजेलेटांत त्याच धर्तीची जनुकं २०११ साली सापडली.

फुटाळा, गांधीसागर, सोनेगाव, किंवा भंडारा-गोंदियाकडचे मामा तलाव, उन्हाळ्यात पाणी आटून आणि सांडपाण्याचा फॉस्फरस साठून हिरवे होतात हे आपण रोज बघतो. हिरवं पाणी म्हणजे विषारी पाणी असं नव्हे. बरेचसे शेवाळ निरुपद्रवी असतात, आणि आपल्या देशातल्या तळ्यांत सर्रास दिसणारं मायक्रोसिस्टिस वेगळंच, यकृताला धरणारं विष बनवतं. म्हणून घाबरवणारे मेसेज पुढे ढकलू नका. पण काठाशी रंग सांडल्यासारखी दाट साय आली असेल तर तिथे गुरं, कुत्री, पोरं उतरू देऊ नयेत. आणि ते पाणी उकळून पिण्याजोगं होईल ही समजूत आधी काढून टाका. सांगाडा टिकतो हे वर आलंच. शिवाय सौम्य सी विषं पाण्यात पडून राहिली तर काही आठवड्यांत हळूहळू जहाल भावंडांत बदलतात, हे ऑस्ट्रेलियातच दिसून आलं. पाण्यातून ती काढायला सक्रिय कोळसा चांगला उपयोगी पडतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यासाठी सुचवलेली मर्यादा आहे लिटरला ३ मायक्रोग्रॅम, आणि ती सगळ्या कुटुंबाची मिळून आहे. आपल्या शहरात नीरीसारखी पाणी आणि पर्यावरणावर काम करणारी राष्ट्रीय संस्था १९५८ पासून उभी आहे, विद्यापीठात आणि महाविद्यालयांत सूक्ष्मदर्शक आहेत. एप्रिल-मे महिन्यात तलाव हिरवे झाले की पाण्याचा थेंब काचपट्टीवर घेऊन कुठल्या जातीचं शेवाळ आहे हे बघणं बीएस्सीच्या मुलांनाही जमण्यासारखं काम आहे. संशयित जात दिसली तरच पुढची महागडी तपासणी लागते. ती मात्र मागवताना अर्जात नुसतं "सॅक्सिटॉक्सिन" लिहू नये. सी आणि जीटीएक्स सकट सगळी भावंडं मोजून मागावीत.